गिनी-बिसाऊ : काजूच्या पोत्यावरचा देश, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आगेमागे आमच्याकडे, सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात, परदेशी काजू बीची पोती उतरायला लागतात. पोत्यावर देशाचं नाव छापलेलं असतं : आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ. बाकीच्यांची नावं निदान बातम्यांत कानावर पडलेली असतात. चौथं नाव वाचलं की कोणीतरी हटकून विचारतं, "ह्यो गाव खंय इलो?" हमाल विचारतात, सोलणीवरच्या बायका विचारतात, बँकेतला साहेबही विचारतो. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

गिनी-बिसाऊ कुठे आहे? गिनी तरी किती आहेत?

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या काठावर. उत्तरेला सेनेगल, पूर्वेला आणि दक्षिणेला गिनी, पश्चिमेला समुद्र. राजधानी बिसाऊ साधारण आपल्या कण्णूरच्या अक्षांशावर येते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

गिनी नावाचे देश एकूण चार, आणि घोटाळा सगळ्यांचाच होतो. नुसतं ‘गिनी’ म्हणजे पूर्वीची फ्रेंच वसाहत, राजधानी कोनाक्री. ‘इक्वेटोरियल गिनी’ म्हणजे तेलवाली, पूर्वी स्पेनची. ‘पापुआ न्यू गिनी’ तर थेट ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर. आपली ही पूर्वीची पोर्तुगीज गिनी. शेजारणीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून नावापुढे राजधानीचं नाव लावलं, एका गावात दोन सावंत असले की पुढे वाडीचं नाव लावतात तसं.

देश केवढा आहे?

३६,१२५ चौरस किलोमीटर. कोकण विभागापेक्षा थोडा मोठा, केरळपेक्षा थोडा लहान. पण या आकड्यात पाण्याचा मोठा हिस्सा आहे. कोरडी जमीन धरली तर २८ हजारांच्या आसपास उरते. लोकसंख्या वीस-बावीस लाख, म्हणजे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी मिळून होते त्याहून किंचित कमी.

भूगोल कसा आहे? डोंगर, नद्या?

डोंगर जवळजवळ नाहीत. आग्नेयेला बोए नावाचा भाग आहे, तिथली जमीन चढत चढत ३०० मीटरच्या घरात जाते, आणि हीच देशातली सर्वांत उंच जागा. आंबोली घाट चढलेल्या माणसाला हसू येईल.

या देशाचा खरा भूगोल खाड्यांचा. काशेऊ, मान्सोआ, जेबा, कोरुबाल अशा नद्या समुद्राला मिळतात म्हणण्यापेक्षा समुद्रच त्यांच्यातून आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक इथे सर्वांत जास्त मानला जातो. भरतीचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत जातं, ओहोटीला मागे चिखलाची मैदानं उरतात आणि दोन्ही काठांना कांदळवन. किनाऱ्यालगत जमीन नक्की कुठे संपते ते दिवसातून दोनदा बदलतं.

पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर. दक्षिणेकडे जास्त, उत्तरेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातो. नंतर सहा-सात महिने कोरडे. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो. आतल्या भागात माती लाल, जांभ्याची. काजू त्याच मातीत फोफावतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

किनाऱ्यासमोरची ती बेटं कोणती?

बिजागोश द्वीपसमूह. ८८ बेटं, त्यांतल्या वीसेक बेटांवरच कायमची वस्ती. १९९६ मध्ये युनेस्कोने त्यांना जैवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली आणि जुलै २०२५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली.

ओरांगो बेटावर पाणघोडे आहेत, आणि ते खाऱ्या पाण्यात उतरतात. पोइलांव नावाच्या इवल्याशा बेटावर हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. आफ्रिकेतल्या मोठ्या विणीच्या जागांपैकी ही एक. वेळास-आंजर्ल्याला येतात ती ऑलिव्ह रिडले, जात वेगळी, पण वाळूत खड्डा खणून अंडी पुरायची रीत तीच. युरोपातले पाणपक्षी लाखोंनी हिवाळा काढायला इथल्या चिखलावर येतात.

एवढं सगळं टिकलं कसं? काही बेटं तिथल्या लोकांनी पवित्र मानून ठेवली आहेत. तिथे घर बांधायचं नाही, रक्त सांडायचं नाही, दीक्षाविधी झाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. सरकारी संरक्षण फार नंतर आलं. आपल्याकडच्या देवरायांचं गणितही असंच आहे.

तिथे राहतं कोण?

एवढ्याशा देशात वीसहून जास्त समाज आहेत. मोठे पाच : बलांता, फुला, मांडिंगा, मांजाको आणि पेपेल. बलांता आणि फुला प्रत्येकी साधारण पाव लोकसंख्या.

पूर्वेकडे, बाफाता आणि गाबूच्या बाजूला, फुला आणि मांडिंगा. बहुतेक मुसलमान. गुरं, व्यापार, भुईमूग. गाबू हे नाव जुन्या काबू राज्यावरून आलं. मांडिंगांचं हे राज्य कित्येक शतकं टिकलं आणि १८६७ च्या कान्सालाच्या लढाईत फुलांकडून बुडालं. किनाऱ्याकडे बलांता, पेपेल, मांजाको, मांकान्या : भात, ताडमाड, डुकरं आणि पूर्वजांची पूजा. बेटांवर बिजागो.

बलांतांविषयी थोडं जास्त सांगायला हवं. त्यांच्यात परंपरेने राजा नाही, मुखिया नाही. गावचा निर्णय वडीलधारे घेतात आणि माणसाचं स्थान तो कोणत्या वयोगटात आहे यावर ठरतं. ‘फानादो’ हा दीक्षाविधी झाला की माणूस प्रौढ, मग त्याच्या शब्दाला वजन. पोर्तुगिजांना कर वसूल करायला गावागावांत एक पाटील लागायचा आणि बलांतांकडे तो सापडायचाच नाही. पुढे स्वातंत्र्ययुद्धात सैनिक म्हणून सर्वांत जास्त उतरले ते हेच, आणि आजही लष्करात त्यांचं वजन आहे.

बिजागो बेटांवर बायकांचा अधिकार मोठा. वंश आईकडून मोजण्याची रीत, पूजेअर्चेत पुजारिणी पुढे. ओरांगोची राणी ओकिंका पाम्पा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगिजांशी वाटाघाटी करून आपलं बेट सांभाळत होती. ती १९३० मध्ये वारली. तिचं नाव अजून तिथे आदराने घेतलं जातं.

ते भात पिकवतात असं ऐकलं. आफ्रिकेत भात?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

पश्चिम आफ्रिकेत भाताची स्वतःची वेगळी जात आहे, आशियातल्या भातापासून न आलेली, आणि तिथे ती हजारो वर्षं लावली जाते. आशियाई भात नंतर आला. पण खरं बघण्यासारखं आहे ते बलांतांचं खाजण, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेलं भातशेत. त्यांच्या भाषेत नाही, क्रिओल या देशभरच्या बाजारभाषेत त्याला ‘बोलान्या’ म्हणतात.

खाडीकाठचं कांदळ तोडायचं. भरतीचं पाणी अडवायला चिखलाचा मोठा बांध घालायचा. त्यासाठी ‘केबिंदे’ नावाचं अवजार असतं : माणसाहून लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडाची पट्टी. एकजण ते चिखलात खुपसून, मांडीचा टेकू देऊन, ओलं ढेकूळ उचलतो आणि जागच्या जागी उलटं करून बांधावर बसवतो. पाणी बाहेर काढायला बांधात पोकळ केलेलं झाडाचं खोड आडवं पुरतात आणि त्याच्या तोंडाला झाकण. ओहोटीला झाकण काढायचं, भरतीला लावायचं. पहिले काही आठवडे पावसाचं पाणी शेतात साठवून सोडून द्यायचं, त्याबरोबर जमिनीतलं मीठ धुऊन जातं. मग वाफे-सऱ्या पाडून रोप लावायचं.

गोव्यात याच खोडाच्या जागी लाकडी दारांची ‘मानस’ असते, रायगडात ‘उघाडी’. गोव्याच्या खाजणात खारं पाणी सोसणारा कोरगूट भात लावतात. पाच-सहा हजार मैलांवरच्या दोन किनाऱ्यांनी चिखल आणि भरती या दोनच गोष्टींवर जवळजवळ सारखं उत्तर काढलं, कोणी कोणाला न शिकवता.

दुर्दैवही सारखंच. बांध ही एका घराची गोष्ट नाही. वयोगटातल्या सगळ्या पोरांनी मिळून तो दरवर्षी डागडुजी करायचा असतो. पोरं बिसाऊला गेली, डाकारला गेली, लिस्बनला गेली की बांधाला खांड पडतं. एकदा भरती आत शिरली की ती जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षं जातात. १९६० च्या दशकातल्या युद्धात बरेच बांध फुटले ते फुटलेच. आता समुद्रही चढतो आहे. आपल्याकडे खारभूमीच्या बांधांवरून होणारी भांडणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना यात नवीन काही नाही.

भाषा कोणती? पोर्तुगीज?

कागदावर पोर्तुगीज. शाळा, कचेरी, न्यायालय पोर्तुगीजमध्ये. पण ती घरात बोलणारे फार थोडे. बाजारात, बसमध्ये, राजकीय सभेत चालते ती क्रिओल : शब्द बहुतेक पोर्तुगीज, ठेवण आफ्रिकी. शिवाय प्रत्येक समाजाची आपली भाषा घरी असतेच.

कोकणी-मालवणी कानाला क्रिओलमधले काही शब्द ओळखीचे लागतात. काजूला ते ‘काजु’ म्हणतात, साबणाला ‘साबोन’, खिडकीला ‘जनेला’, आणि गोव्यात आजही कित्येक घरांत खिडकी म्हणजे जनेलच. जेवणाला ‘बियान्दा’, म्हणजे मुख्यतः भात. त्याच्याबरोबर जे काही असेल, मासा, शेंगदाण्याचा रस्सा, पामतेलातली भाजी, ते सगळं ‘माफे’. मराठीत याला अचूक शब्द आहे : कालवण.

एक वाक्य कायम ऐकू येतं, "जितु का तेन". इलाज नाही, चालायचंच. वीज गेली, जितु का तेन. पगार झाला नाही, जितु का तेन.

धर्म?

निम्म्याच्या जवळपास मुसलमान, बाकी ख्रिस्ती आणि पारंपरिक श्रद्धा मानणारे. या रेघा तितक्या पक्क्या नाहीत. किनाऱ्याकडच्या समाजांत ‘इरान’ नावाच्या शक्तीला मान असतो. तिचा वास मोठ्या सावरीच्या झाडात, पांढऱ्या सावरीत. गावावर ती राखण ठेवते, नवस घेते, शब्द मोडला तर धडा शिकवते. आमच्याकडे राखणदाराला जसा नारळ आणि कधी कोंबडा, तशी तिथे दारू आणि कधी कोंबडा.

पोर्तुगीज तिथे काय करत होते? गोव्याशी याचा संबंध आहे का?

पोर्तुगीज जहाजं १४४० च्या दशकात या किनाऱ्याला लागली, वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पन्नास वर्षं आधी. १५८८ मध्ये काशेऊला त्यांनी ठाणं वसवलं. पुढची कित्येक शतकं व्यापार मुख्यतः माणसांचा : पकडून आणलेले गुलाम काशेऊ आणि बिसाऊहून केप व्हर्दे या पोर्तुगीज बेटांना आणि ब्राझीलला जात. देशाच्या आतल्या भागावर मात्र पोर्तुगिजांची हुकूमत विसाव्या शतकात, लढून लढून, बसली. १९४१ पर्यंत राजधानी बोलामा बेटावर होती. त्या बेटावर इंग्रजांनीही हक्क सांगितला होता. तंटा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे गेला आणि १८७० मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला. बोलामात त्यांचा पुतळा उभारला गेला होता.

आता आमिल्कार काब्राल, स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी. जन्म १२ सप्टेंबर १९२४, बाफाता. आईवडील केप व्हर्देचे. लिस्बनला शेतीशास्त्र शिकला आणि सरकारी नोकरीत परत आला. १९५३ मध्ये त्याने वसाहतीची शेतीगणना केली : गावोगाव फिरून कोण काय पेरतो, किती पिकतं, जमीन कोणाची, याची मोजदाद. देश त्याला असा पायाखालून कळला. भुईमुगाच्या एकाच नगदी पिकामागे लागून जमीन कशी झिजते हे त्याने तेव्हाच लिहिलं होतं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९५६ मध्ये त्याने पीएआयजीसी हा पक्ष स्थापला, गिनी आणि केप व्हर्दे दोन्हींच्या स्वातंत्र्यासाठी. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संप करणाऱ्या खलाशी-हमालांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. जानेवारी १९६३ मध्ये सशस्त्र युद्ध सुरू झालं. काब्रालला २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्रीत गोळ्या घातल्या, मारेकरी त्याच्याच पक्षातले. आठ महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९७३ रोजी, पक्षाने बोएच्या रानात स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने ते मान्य केलं १० सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. ती पाडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांतले कित्येक याच गिनीतल्या चिखलात लढून थकलेले होते.

गोव्याचा धागा इथे आहे. १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची जी संयुक्त संघटना उभी राहिली, तीत काब्रालच्या पक्षाबरोबर गोव्याच्या संघटनाही होत्या. तिच्या कामात पुढे असलेले आकिनो द ब्रागांसा जन्माने गोव्याचे. गोवा त्याच वर्षी डिसेंबरात मुक्त झाला. पण पोर्तुगालने गोव्यावरचा हक्क रीतसर सोडला तो ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. गिनी-बिसाऊला मान्यता देऊन चार महिनेही झाले नव्हते. एकाच मालकाच्या कागदांवरून दोन्ही नावं एकाच वर्षी खोडली गेली.

देशाचं पोट कशावर चालतं?

काजूवर. अतिशयोक्ती नाही. परदेशी निर्यातीच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांच्या घरातला वाटा कच्च्या काजू बीचा. वर्षाला दीड-दोन लाख टन बी बाहेर जाते, जवळजवळ सगळी न सोललेली, आणि जाते भारतात व व्हिएतनामला. घराघरात काजूची झाडं आहेत. मोठ्या कंपन्यांचे मळे कमी, दोन-चार एकरवाले शेतकरीच जास्त.

काजू मूळ ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो गोव्यातही आणला आणि इथेही. पण खरा पसारा वाढला १९८० नंतर. हंगाम मार्चअखेर ते जून. सरकार हंगामाच्या सुरुवातीला किलोचा आधारभाव जाहीर करतं आणि पुढे त्यावरच राजकारण चालतं. २०१८ मध्ये १००० फ्रँकचा (हे तिथलं चलन) भाव जाहीर झाला. शेतकरी खूश, व्यापारी फिरकेचनात, आणि बी घरात पडून राहिली.

रोख पैसा कमी असलेल्या गावांत अदलाबदल चालते : व्यापारी तांदळाचं पोतं देतो, शेतकरी बी देतो. बरं वर्ष असलं तर किलोला किलो. वाईट वर्षी एका किलो तांदळाला दोन किलो, कधी तीन किलो बी मोजावी लागते. तो तांदूळ आशियातून आलेला, बऱ्याचदा तुकडा. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत त्याचे चटके बसले.

म्हणजे बघा. खाऱ्या चिखलातून भात काढणारे, त्या कामात वाकबगार लोक बांध सोडून काजूकडे वळले, आणि आता काजू विकून तांदूळ घेतात. काजूला मेहनत कमी, पैसा रोख. माझ्यावर वेळ आली असती तर मीही तेच केलं असतं. पण भाव पडला की पैसाही जातो आणि भातही. काब्रालने भुईमुगाबद्दल जे बजावलं होतं ते पीक बदलून परत आलं आहे.

मग ते काजू स्वतः का फोडत नाहीत?

फोडतात, फार थोडा. काजूच्या टरफलात चीक असतो, तो कातडी जाळतो, त्यामुळे ‘घरी बसून सोलूया’ असं जमत नाही. बी वाफवायची, कापायची, भट्टीत वाळवायची, साल काढायची, प्रतवारी करायची. त्याला वीज लागते, हंगामात वर्षभराची बी विकत घेऊन ठेवण्याइतकं भांडवल लागतं आणि हात बसलेल्या बायका लागतात. तिथे बँकेचं कर्ज महाग आणि वीज बेभरवशाची. राजधानीला अनेक वर्षं वीज पुरवत होतं ते बंदरात नांगरलेलं एक तुर्की जहाज. ऑक्टोबर २०२३ मध्ये थकबाकीपोटी त्याने पुरवठा तोडला आणि अख्खं बिसाऊ अंधारात गेलं.

आणि बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, काय करतात?

आपण करतो तेच. बी पुरुषाच्या व्यवहाराची, बोंडू बायकांचे. बायका ते चुरडून रस काढतात, एका दिवसात तो आंबतो, त्याला काजूची वाइन म्हणतात. दोन-तीन दिवसांत संपवायची नाहीतर शिरका. ऊर्ध्वपातन करून कडक दारूही काढतात. मुसलमान मालकांच्या बागांत शेजारच्या गावच्या बलांता-मांजाको बायका वेचणीला जातात आणि बोंडू घेऊन येतात. ‘नीरो, ऊर्राक, फेणी’ हा गोव्याचा रसापासून दारूपर्यंतचा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगत नाही.

या आयातीमुळे आमच्या बीचा भाव पडतो का?

कारखान्यात काम करणाऱ्याने या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं अशी अपेक्षा कोणी करत नाही, तरी देतो. पडतो. भारतातल्या कारखान्यांची भूक देशातल्या पिकापेक्षा खूप मोठी आहे, त्यामुळे बाहेरची बी आल्याशिवाय वर्षातले बरेच महिने भट्ट्या थंड राहतील आणि सोलणीवरच्या बायका घरी बसतील. पण बंदरावर उतरणारा भाव हाच मग वेंगुर्ला-चंदगडच्या खळ्यावरचा भाव ठरतो, आणि कोकणातल्या शेतकऱ्याचा खर्च आफ्रिकेतल्यापेक्षा जास्त असतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने किलोला १० रुपये अनुदान जाहीर केलं ते याच ओरडीमुळे. गंमत एवढीच की तिकडचा शेतकरीही ‘भाव भारतातले व्यापारी पाडतात’ असं म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

काजूशिवाय काही आहे का?

मासळी भरपूर. पण खोल समुद्रातली बरीचशी परवाने घेतलेली परदेशी जहाजं नेतात, युरोपीय संघाशीही तसा करार आहे. बोएला बॉक्साइट, फारिमला फॉस्फेट. दोन्हींबद्दल वर्षानुवर्षं बोललं जातं.

आणि कोकेन. दक्षिण अमेरिकेतून युरोपला जाणारा माल २००० च्या दशकाच्या मध्यापासून या बेटांआड उतरायला लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेनेझुएलाहून आलेल्या एका विमानात अडीच टनांहून जास्त सापडलं. बाहेरच्या वर्तमानपत्रांत या देशाचं नाव बहुधा याच बातमीत येतं. सामान्य माणसाच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

पैसा कोणता चालतो?

पश्चिम आफ्रिकी सीएफए फ्रँक, १९९७ पासून. त्याआधी पेसो. आठ देशांचं हे सामायिक चलन युरोला बांधलेलं आहे : एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. पूर्वीची पोर्तुगीज वसाहत, चलन फ्रेंच वसाहतींचं.

राजकारण एवढं अस्थिर का?

बंदुकीने स्वातंत्र्य मिळालं आणि बंदूकवाले पुन्हा बराकीत गेले नाहीत, हे माझं छोटं उत्तर. १९८० मध्ये पंतप्रधान नीनो व्हिएरा यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष लुईस काब्राल, आमिल्कारचे सावत्र भाऊ, यांना हटवलं. केप व्हर्देशी एकीकरणाचं स्वप्न तिथेच संपलं. १९९८-९९ मध्ये यादवी. २००९ च्या मार्चमध्ये लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात मारले गेले आणि काही तासांत व्हिएराही. २०१२ मध्ये पुन्हा उठाव. पाच वर्षांची मुदत पुरी करणारे पहिले राष्ट्राध्यक्ष जोझे मारियो वाझ, २०१४ ला निवडून आलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी लष्कराने पुन्हा सत्ता हातात घेतली.

यात एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. एवढं सगळं वर चाललेलं असताना खाली समाजासमाजांत दंगली जवळजवळ होत नाहीत. आठवड्याचा बाजार, त्याला ‘लुमो’ म्हणतात, ठरल्या दिवशी भरतोच.

तिकडे जायचं झालं तर?

पिवळ्या तापाची लस. तिकडे दाखला लागतोच, परत येताना आपल्या विमानतळावरही तपासतात, आणि लस घेऊन दहा दिवस व्हायला हवेत. मलेरियाची काळजी वेगळी. विमान लिस्बन, डाकार किंवा कासाब्लांकामार्गे. शहरात ‘तोका-तोका’ नावाच्या निळ्या-पिवळ्या मिनीबसा. भेटल्यावर "कुमा दि कुर्पु?" म्हणायचं, शब्दशः ‘अंग कसं आहे?’, म्हणजे आपलं ‘बरंय ना?’. आणि काजूच्या हंगामात गेलात तर कोणाकडून कामाची घाई करू नका, सगळा देश झाडाखाली असतो.

‘बिसाऊ माल’ चांगला म्हणतात तो का? तुम्ही तपासता कसा?

गिनी-बिसाऊच्या बीचा गराचा उतारा आफ्रिकेत वरच्या नंबरचा. व्यापारात त्याला ‘आउटटर्न’ म्हणतात : ८० किलोच्या पोत्यातून किती पाउंड गर निघेल. ५० च्या वर गेला की माल चांगला. ५२ म्हणजे पोत्याला साधारण साडेतेवीस किलो गर.

तपासणीला आम्ही ‘कटिंग’ म्हणतो. दर दहा पोत्यांमागे एकाला बंबी, म्हणजे पोत्यात खुपसायची पोकळ सळई, मारून बी काढायची, सगळी एकत्र करून ढीग चार भागांत वाटायचा आणि त्यातून एक किलो तोलून घ्यायची. आधी दाणे मोजायचे : किलोत दोनशेच्या आसपास भरले तर बी ठसठशीत. मग एकेक बी कटरवर उभी चिरायची आणि गर सुईने काढून वेगवेगळा ठेवायचा. पांढराशुभ्र एकीकडे, डाग असलेला एकीकडे, सुरकुतलेला, तेलकट काळा, पोकळ. चांगला गर पूर्ण धरायचा, डागी आणि सुरकुतलेला अर्धा, बाकीचा शून्य. किलोतून २९५ ग्रॅम आला की ५२ चा उतारा. त्या अर्ध्या तासात कारखान्याचा मालक, दलाल आणि ट्रकवाला तिघंही शेजारी उभे राहून श्वास रोखून बघत असतात.

मीठ लावून भाजल्यावर मात्र गावठी काजूची गोडी बिसाऊच्या गराला नाही, हे माझं वैयक्तिक मत, आणि मी सिंधुदुर्गातला आहे.

नमुना चाळताना पोत्याच्या तळाला माती-खडे निघतातच. त्यांचंही वजन करून भावातून कापतात. बिसाऊच्या पोत्यात निघतात ते खडे लाल असतात, भोकाभोकांचे, आमच्या गडग्याच्या चिऱ्यासारखे. कटरखाली आला तर पात्याची धार जाते, म्हणून ते आधी वेचून बाजूच्या डब्यात टाकायचे.